वायकाचं बी: पाकिटातलं आणि पदरातलं

काकडीसारखं वेलावरचं फळ, पुस्तकात वाळूक, आमच्याकडे वायूक. लहानपणी कपाशीत निंदायला आलेल्या बाया दुपारच्या भाकरीसोबत वायकं फोडत. ती कोणी मुद्दाम लावत नसे. कपाशीच्या बियात चार दाणे टाकले की झालं. कोवळं मीठ-तिखटासोबत, पिकलेलं गुळासोबत, उरलेल्याच्या खुला, म्हणजे चकत्या, वाळवायच्या. मग तणनाशकं आली आणि वेलही तणासोबत गेले.

गेल्या मृगात मोबाइलवरून ‘देशी वाळूक’चं पाकीट मागवलं. २० बिया १२० रुपयांना, वर पोस्टाचे ६०. ११ उगवल्या, त्यातली दोन रोपं लाल भुंग्यांनी दुपानावरच संपवली. भादव्यात फळ धरलं तर सालीवर जाळी, आत नारंगी गर. हे तर वर्धा नदीच्या रेतीतलं डांगर, म्हणजे खरबूज! पावसात बुडाशी सडलं. विचारलं तर उत्तर आलं, “सर, एकाच जातीचं आहे.” खोटं नाही. वाळूक, डांगर, शेंदाड शास्त्राच्या हिशेबात एकच. पण मी वायूक मागितलं होतं! दोन तारे, तेही पाकीट वेळेत आलं म्हणून.

आश्विनात राळेगावच्या बाजारात कांद्याच्या ढिगाआड एक आजी पोत्यावर सात-आठ वायकं मांडून बसलेली दिसली. बी मागितलं तर म्हणाली, “बी इकत नाही बाप्पा. वायूक घे, खाय, गोड लागलं त ठेव. कडू निघालं त फेक.” २० रुपयांना दोन घेतली. ५० ची नोट मोडायला पानठेल्यावर पाठवलं, तेवढी तक्रार. परत आलो तर पदराची गाठ सोडून मोजून अकरा बिया हातावर ठेवल्या. त्याचे पैसे नाही घेतले. पुढचे तीन बाजार गेलो, आजी दिसली नाही. (बिनपावतीचं बी चालतं का, असं शेजारी विचारत होता. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला घरचं बी देता-विकता येतं, फक्त ब्रँड लावून विकता येत नाही.)

घरी एक वायूक देठाशी कडू निघालं, ते बियांसकट गेलं. दुसऱ्याचा गर-बी दोन रात्री पाण्यात आंबवला, तरंगलेलं फेकलं, बाकी सावलीत वाळवून राखेत कालवून बाटलीत भरलं. आजीचे अकरा दाणे वेगळ्या पुडीत. यंदा त्यातले नऊ उगवले.

इथं पाकीट पुन्हा आडवं आलं. सडलेल्या डांगराचे वेल धुऱ्यावर आपसूक उगवले. एकाच जातीचं म्हटल्यावर मधमाशी दोन्हींत फिरणार, आणि मिसळ झाली की यंदाच्या फळात नाही, पुढच्या साली कळणार. सगळे उपटले. तरी भरवसा नको म्हणून संध्याकाळी मादी कळ्या दोऱ्यानं बांधल्या, सकाळी आठच्या आत नर फूल लावून पुन्हा बांधल्या. बायको म्हणे, लगन लावता का? सहा बांधल्या, दोन धरल्या.

त्यातलं एक निंदणाऱ्या बायांनी खाल्लं. चांगलं होतं म्हणाल्या. दुसऱ्याला आता लाल चिंधी बांधली आहे.

आजीला पाच तारे.