एसएसडी, महागडी यूएसबी केबल की चांगले स्पीकर?

संगणकावर गाणी ऐकता आणि आवाज सुधारायचा आहे, तर एसएसडीसाठी, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कसाठी, पैसे घालू नका. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला जेमतेम १७६ किलोबाइट लागतात. साधी हार्ड डिस्कही त्याच्या शेकडो पट वेगाने वाचते. वाचलेला भाग आधी रॅममध्ये जमतो, मग पुढे डीएसीकडे, म्हणजे डिजिटल आकड्यांचे आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या उपकरणाकडे, जातो. शंका असेल तर गाण्याची तीच फ्लॅक फाइल दोन्ही डिस्कवर ठेवून एमडी५ चेकसम, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या बिट्सवरून काढलेला पडताळणीचा आकडा, ताडून पाहा. एक बिट जरी बदलला असता, तरी आकडा वेगळा आला असता.

एसएसडी सरस ठरते ती शांततेत. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क टेबलावर असेल तर तिची घरघर खोलीत पसरते, आणि रात्री हळू आवाजात विलंबित ख्याल ऐकताना ती नक्कीच खुपते. पण डिस्क दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली तरी हे काम होते.

यूएसबी केबलचे काय? स्वस्त केबल खराब निघाली, तर हरवलेला डेटा पुन्हा मागवला जात नाही. टकटक ऐकू येते किंवा आवाज तुटतो. ‘बास भरदार झाला’ असला बदल मात्र केबलने होत नाही. असिंक्रोनस, म्हणजे संगणकाच्या तालावर न चालणारा, डीएसी वेळ स्वतःच्या घड्याळावर सांभाळतो, केबलवर सोडत नाही. ५ मीटरच्या आतली साधी, धड केबल पुरे.

खरा त्रास असतो गुणगुणीचा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर ती थांबली, तर दोष बहुधा अर्थिंगच्या लूपचा आहे, म्हणजे दोन उपकरणे दोन वाटांनी अर्थिंगला जोडली जाऊन तयार झालेल्या वेढ्याचा. महागडी तांब्याची केबलही तीच अर्थिंग जोडते, मग गुणगुण जाणार कशी? डीएसीला ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने सिग्नल घेणारा, इनपुट असेल तर तो वापरा; त्या केबलमधून वीज वाहतच नाही.

डीएसीच्या पुढे केबलला महत्त्व येते, तिच्या किमतीला नाही. डीएसी ॲम्प्लिफायरला जोडणारी आरसीए केबल आखूड आणि चांगल्या शील्डिंगची (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणाऱ्या वेष्टनाची) घ्या, चार्जरपासून लांब ठेवा. स्पीकर १० मीटरवर असेल तर दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.२४ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरला तेवढा चालतो. ४ ओहमचा असेल तर अडीच स्क्वेअर एमएमची वायर घ्या. उरलेले सगळे पैसे स्पीकरमध्ये घाला.

तरीही महागडी केबल मोहात पाडत असेल, तर ती परत करता येईल अशा बोलीवर आणा. पाठ करून बसा, घरातल्या कुणाला तरी केबल बदलायला सांगा आणि दहातल्या नऊ वेळा ओळखता आली, तरच ठेवून घ्या.