लोअर आर्म, लिंक रॉड घरीच बदलले, पार्ट जिथून घेतले त्या दुकानाबद्दल
गाडी ९० हजार किमी झाली, खड्ड्यात पुढून खडखड वाजायली होती, औशाला जाताना तर स्टेअरिंगपर्यंत धक्का यायचा, म्हणून लातूरच्या एका दुकानातून दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) अन् लिंक रॉड (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या बारला जोडणारी छोटी दांडी) आणून भावासोबत अंगणातच बदलले. दुकानातल्या काकांनी आधी जुना पार्ट खोलून आणायला लावला, बॉल जॉइंटची (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा फिरता सांधा) पिन अन् बुश (आर्म सांगाड्याला बसतो तिथला रबरी तुकडा) मापून बघितलं मगच नवीन दिला, हे लई आवडलं. जुन्या बुशचं रबर पार फाटून लोखंडापासून सुटलेलं, बॉल जॉइंट बोटानं हलत होता! लिंक रॉडचा नट गंजलेला, पाना लावला की आतली पिनच गरगर फिरायची, ती ॲलन कीनं (षटकोनी चावीनं) धरली तेव्हा कुठं सुटला. काकांनी सांगितलेलं नीट ऐका, बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फुल टाइट करू नका, चाकं टेकवून वजन आल्यावर आवळा, नाहीतर रबर पिळलेलं राहतं अन् लवकर फाटतं. अन् नुसत्या जॅकवर खाली शिरू नका, स्टँड लावाच. दुसऱ्या दिवशी चाकांची अलाइनमेंट (चाकांचा कोन नीट लावणं) केली, आवाज बंद. एका नव्या लिंक रॉडचं रबर फाटकं निघालं होतं, काकांनी पावती न मागता बदलून दिला.