सोसायटीचा ग्रुप ऐकायचाय: टॉकबॅक की सिलेक्ट टू स्पीक?

घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलाचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे पाणीकपात, लिफ्ट, पार्किंग यांचा अखंड पाऊस. ज्येष्ठांना तो वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं. अँड्रॉइडमध्ये स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या दोन सोयी आहेत, टॉकबॅक आणि सिलेक्ट टू स्पीक, दोन्ही सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटीत.

दिसतंय पण बारीक अक्षरांचा त्रास होतो, अशांसाठी सरळ सिलेक्ट टू स्पीक. शॉर्टकट चालू केला की बटण येतं. ते दाबून मेसेजवर बोट ठेवायचं, किंवा बोट ओढून चार-पाच मेसेज एकदम निवडायचे. बाकी फोन नेहमीसारखाच चालतो.

टॉकबॅक मात्र फोनची रीतच बदलतो. एका स्पर्शाने फक्त वाचतो, उघडायला दोनदा टॅप, सरकवायला दोन बोटं. अंध व्यक्तीला हाच हवा. पण घरच्यांनी सहज चालू केला की स्क्रीन अडकल्यासारखी वाटते आणि फोन दुकानात जातो! शॉर्टकट आधी लावलेला असेल, तर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबली की टॉकबॅक बंद.

खरी गोची आवाजाची. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'टेक्स्ट-टू-स्पीच' (मजकुराचं बोलण्यात रूपांतर) टाका, गूगलचं इंजिन निवडा, मराठी व्हॉइस डेटा, म्हणजे मराठी आवाजाची फाइल, वायफायवर उतरवा आणि भाषा मराठी ठेवा. हिंदी आवाजात मराठी उच्चार बिघडतात. 'udya pani nahi' असं रोमन लिपीत लिहिलेलं मात्र दोन्ही आवाजांत कानाला खटकतंच. ग्रुपवर नोटीस देवनागरीत टाकायला सांगा. इमोजीही वाचले जातात, त्यामुळे सणासुदीला वीस नमस्कार ऐकायची तयारी ठेवा.