रंगीत बटाट्याचे बी आणि पिवळी फुले

गेल्या ऑक्टोबरमध्ये समाजमाध्यमावरील एका जाहिरातीला भुलून मी निळ्या, जांभळ्या आणि लाल गराच्या बटाट्यांचे शंभर बियांचे पाकीट ३४९ रुपयांना मागवले. जाहिरातीतील चित्रात कापलेल्या बटाट्याचा गर शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखा निळाशार होता, आणि त्याच वेळी मला शंका यायला हवी होती. पण पुण्यात बटाट्याच्या रब्बी लागवडीचे दिवस होते, गच्चीवर मोठ्या पिशव्या रिकाम्या होत्या, आणि हौसेला हिशोब नसतो.

बटाट्याला बी येतच नाही, असे मुळीच नाही. फुलांनंतर काही झाडांना हिरव्या टोमॅटोसारखी छोटी विषारी फळे धरतात आणि त्यांत खरे बी असते. मात्र त्या बियांतून आलेले प्रत्येक झाड वेगळे निघते, त्यामुळे पाकिटावरील रंगाची हमी कोणीच देऊ शकत नाही. हवा तो वाण हवा असेल तर त्याचा कंदच लावावा लागतो. बाजारात ज्याला बटाट्याचे बेणे म्हणतात ते हेच. एवढी साधी गोष्ट मी पैसे भरण्याआधी कोणाला विचारली असती, तर पुढचे तीन महिने वाचले असते.

विक्रेत्याची हुशारी बी निवडण्यात होती. पाकिटात टोमॅटोचे बी होते आणि टोमॅटो व बटाटा एकाच कुळातले असल्यामुळे कोवळ्या रोपांवरून माझ्यासारख्या नवशिक्याला फरक कळणे अवघड होते. रोपे दणदणीत वाढली. बटाट्याच्या झाडाला माती चढवतात म्हणून मीही दोनदा मनोभावे माती चढवली, इतकेच नव्हे तर नातेवाइकांना छायाचित्रेही पाठवली, ज्याची आज लाज वाटते. डिसेंबरच्या अखेरीस फुले आली. आमच्या सोसायटीचे माळी मूळचे आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठाराचे, जिथे पावसाळ्यात बटाटा घेतला जातो. त्यांनी गच्चीवर येऊन एक पान चुरगाळले, वास घेतला आणि म्हणाले, “काका, बटाट्याला पिवळं फूल कुठं असतं? पांढरं नाहीतर जांभळट असतं. ही टोमॅटोची झाडं आहेत.”

विक्रेत्याला लिहिल्यावर उत्तर आले की परतीची मुदत दहा दिवसांची होती. फसवणुकीचे सगळे गणित याच आकड्यावर उभे आहे: बी काय आहे हे समजायला दोन महिने लागतात आणि तक्रारीचे दार दहा दिवसांत बंद होते. पाकीट पुन्हा नीट पाहिले, तेव्हा त्यावर वाणाचे नाव, उगवणीची टक्केवारी, तपासणीची तारीख, उत्पादकाचा पत्ता यांपैकी काहीच नव्हते. मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तोपर्यंत जाहिरातीचे पान नाहीसे झाले होते, आणि पैसे काही परत मिळाले नाहीत.

याच काळात दुसऱ्या एकाने मला ‘जांभळे बेणे’ देऊ केले. ते कंद ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसताच फडके जांभळे झाले आणि खालून नेहमीची तपकिरी साल दिसली, म्हणून ते मी घेतले नाहीत. भारतात जांभळ्या सालीचा ‘कुफरी नीलकंठ’ हा वाण खरोखर आहे आणि तो केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने विकसित केला आहे. पण त्याचाही गर पिवळसर असतो, निळा नव्हे. त्यामुळे नीलकंठच्या नावाखाली निळ्या गराचे चित्र दाखवून कोणी बेणे विकत असेल, तर नाव खरे असले तरी चित्र खोटे आहे.

टोमॅटो मात्र फेब्रुवारीत भरपूर लागले. त्यांचे सार चांगले झाले, आणि ३४९ रुपयांत तेवढेच पदरात पडले.