मागच्या सीटवरचा पेट्रोलचा वास: गोव्यातल्या साखळी गावच्या एका छोट्या गॅरेजचा अनुभव

"पयलीं वास कोणाक आयलो?"

बॉनेट उघडायच्या आधी मेस्ताने (आमच्याकडे मेकॅनिकला असं म्हणतात) मला हा प्रश्न विचारला. त्या एका प्रश्नासाठी मी हे लिहायला बसले आहे. त्याआधी दोन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती, तिथे हे कुणीच विचारलं नव्हतं.

वास पहिल्यांदा आला तो माझ्या मुलीला. ती दुसरीत आहे आणि मागे बसते. जूनमध्ये पाऊस लागला, काचा बंद झाल्या आणि ती म्हणू लागली, "आई, गाडीत पंपाचा वास येतो." पुढे बसून मला किंवा ह्यांना काहीच जाणवत नव्हतं. नुकतंच पेट्रोल भरलंय, त्याचाच असेल, म्हणून आम्ही विषय सोडून दिला. मग चोर्ला घाटातून बेळगावला माहेरी जाताना तिला दोनदा उलटी झाली. तिला घाट लागतो असं समजून मी गोळी दिली. येताना तोच घाट उतरलो तेव्हा मात्र ती छान गप्पा मारत होती. जाताना टाकी पूर्ण भरलेली होती आणि रस्ता चढाचा होता, येताना टाकी अर्ध्यावर आणि रस्ता उताराचा. या फरकात काही आहे हे तेव्हा सुचलं नाही.

पहिल्या ठिकाणी पेट्रोलच्या टाकीचं झाकण बदलून दिलं. कधीकधी झाकणाचं रबर वाळतं आणि वास येतो, त्यामुळे उपाय अगदीच चुकीचा नव्हता, पण झाकण खराब आहे का हे बघितलंच नाही. दुसऱ्या ठिकाणी गाडी धुतली, सर्व्हिसिंग केलं आणि आत लिंबाच्या वासाची बाटली लावली. त्या बाटलीसकट तीन आठवडे मी माझ्या मुलीला मागे बसवून शाळेत नेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

मेस्ताचं गॅरेज साखळीहून डिचोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, थोडं आत आहे. पत्र्याची शेड, एक मदतनीस मुलगा, एक बाकडं. नाव लिहू नका, आहे तेवढं काम मला पुरे, असं त्याने सांगितलं म्हणून लिहीत नाही. पूर्वी तो खाणीचे ट्रक दुरुस्त करायचा. २०१२ साली खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये पुन्हा पडल्या, तेव्हा तो पूर्णपणे छोट्या गाड्यांकडे वळला.

प्रश्न त्याने बरेच विचारले. वास टाकी भरल्यावर जास्त येतो की रोज सारखाच? सकाळी दार उघडताना येतो की इंजिन तापल्यावर? चढावर, वळणावर फरक पडतो का? एसी बाहेरची हवा घेतो तेव्हा वाढतो की आतलीच हवा फिरते तेव्हा? हा शेवटचा प्रश्न मला फार आवडला. बाहेरची हवा पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून आत येते. इंजिनकडे गळती असेल तर वास त्या वाटेने येऊ शकतो. आमच्या गाडीत उलट होतं. आतली हवा फिरवली की वास साचत जायचा. म्हणजे वास मागूनच येत असणार, असा त्याचा अंदाज झाला.

तरीही त्याने पुढचा भाग सोडला नाही. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी ओल आहे का, पाइपांचे जोड कोरडे आहेत का, हे टॉर्च लावून बघितलं. ऑइलची पट्टी काढून हुंगली. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिनमध्ये न जळलेलं पेट्रोल उतरतंय असा संशय घ्यायचा, म्हणाला. तसं काही नव्हतं.

मग चारही दारं उघडून त्याने मागची सीट उचलली. आमच्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीच्या डोक्यावर, बरोबर त्या सीटखाली असतो. वर एक पत्र्याचं झाकण. ते काढलं आणि उत्तर मलाही दिसलं. आमच्या भागातली लाल धूळ तिथे सगळीकडे बसली होती, पण पंपाच्या कडेने बोटभर रुंदीचं काळपट ओलं कडं उमटलं होतं. टाकी भरली की पेट्रोल वरपर्यंत यायचं, चढावर मागे सरकायचं आणि त्या फटीतून झिरपायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच साचते. त्या सीटवर सगळ्यांत बुटकं माणूस बसत होतं ते माझी मुलगी.

मेस्ताने गाडी मला परत नेऊ दिली नाही. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं आणि आमच्या हवेत तर काय, एक ठिणगी पुरे. गाडी तिथेच ठेवून मी कदंबच्या बसने घरी आले.

दुसऱ्या दिवशी काम मी समोर बसून बघितलं. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. टाकीतलं पेट्रोल हातपंपाने झाकणाच्या कॅनमध्ये घेतलं. आग विझवायची पावडरची नळकांडी शेजारी. पंप वर काढल्यावर कळलं की खालचं रबरी गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारं कडं, फुगून एका जागी चिरलंय. दोन वर्षांपूर्वी आम्ही दुसरीकडे पंप बदलला होता, तेव्हा जुनंच गॅस्केट परत बसवलेलं. पेट्रोलमध्ये फुगलेलं रबर पुन्हा खाचेत नीट बसत नाही. पंप काढला की गॅस्केट नवंच हवं, एवढं तरी सगळ्यांनी लक्षात ठेवावं. जवळच्या वाफेच्या नळीलाही बारीक भेगा होत्या. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, काही जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही, म्हणून नळ्या दरवर्षी बघून घ्या, असं त्याने सांगितलं.

गॅस्केट ३५०, नळी १८०, मजुरी ८००. बिल वहीच्या पानावर, पण जुने सुटे भाग हातात ठेवले.

उणिवाही सांगते. तो फोन उचलत नाही, मला तीनदा करावा लागला. गॅस्केट म्हापशाहून यायला दोन दिवस लागले आणि ते कळवलं नाही. गणपतीच्या चवथीच्या आधी तर तिथे पाय ठेवायला जागा नसते. गाडी नेणं-आणणं आपलं आपण.

काम झाल्यावर त्याने टाकी पेट्रोल पंपावर ऑटो-कटपर्यंतच, म्हणजे नळी आपोआप बंद होईपर्यंतच, भरायला लावली, गाडी चढावर तोंड करून उभी केली आणि काचा लावून रात्रभर ठेवली. सकाळी मला फोन केला, त्याने स्वतःहून केलेला हा पहिलाच. "मुलीला घेऊन या."

आम्ही पोचलो तेव्हा गाडी तशीच बंद होती. मागची सीट काढून बाजूला ठेवलेली. त्याने दार उघडलं आणि मुलीला म्हणाला, "बाय, वास येता गो?" ती आत वाकली, बराच वेळ हुंगत राहिली आणि मान हलवून नाही म्हणाली. मग त्याने मुलाला हाक मारून सीट आणायला सांगितली.