लोकवर्गणी की मोजके देणगीदार? अपक्ष उभं राहणाऱ्यांसाठी

येत्या विधानसभेला अपक्ष उभं राहायचं म्हणणारे दोघे-तिघे गेल्या महिन्यात भेटून गेले. सगळ्यांचा प्रश्न एकच, पैसा कुठून आणायचा? 2022 साली उत्तर गोव्यातल्या एका अपक्षाचा हिशेब मी सांभाळला होता, म्हणून थोडं सांगतो.

तेव्हा खर्चाची मर्यादा 28 लाख होती. ती उमेदवाराला, पक्षाच्या खर्चाला नाही; आणि अपक्षामागे खर्च करणारा पक्षच नसतो. त्यामुळे मोठी देणगी समोर आली की अपक्षाचं मन डळमळतंच. त्यात सोयही आहे: दोन धनादेश, नोंदवहीत दोन ओळी, खर्चाच्या तपासणीला निवांत जायचं. लोकवर्गणीत रोज पन्नास-शंभरांच्या पावत्या फाडायच्या आणि रात्री अकराला खात्याशी ताळा जुळवत बसायचं. काहीजण पैसे देत, पण नाव लिहू देत नसत. घरातलं कुणीतरी सरकारी नोकरीच्या आशेवर असे. असे पैसे आम्ही परत केले. करताना फार वाईट वाटायचं.

तरी माझा कौल लोकवर्गणीला गेला तो एका फोनमुळे. सुरुवातीला जमिनीच्या धंद्यातल्या एकाचा धनादेश आम्ही घेतला होता. पत्रक छापायला जायच्या आदल्या रात्री त्याच्या माणसाने विचारलं, डोंगरकापणीची ओळ जरा सौम्य करता येईल का? आवाज अगदी गोड होता. त्या एका ओळीवर आम्ही चौघे तासभर बसलो. ‘कापणी बंद’ऐवजी ‘कापणीवर नियंत्रण’ असं दोघांनी लिहूनही पाहिलं, आणि त्यातला एक मी होतो. शेवटी ओळ तशीच ठेवली, धनादेश परत केला. तो तास मला अजून सलतो.

वर्गणीदारही मागतात: नळाला पाणी, वाड्यावरचा रस्ता, संध्याकाळची बस. पण ते चारचौघांत मागतात, देवळाच्या सप्ताहाला वर्गणी देणारा हिशेब विचारतो तसे. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 ला निवडणूक रोखे, म्हणजे नाव उघड न करता पक्षांना देणगी द्यायची सोय, रद्द केले, ते पैसा कुणाचा हे मतदाराला कळायला हवं म्हणून. आमच्या पावती पुस्तकात ते नाव पहिल्या दिवसापासून होतं.

आम्ही हरलो, हेही सांगायला हवं. आणि लोकसभेएवढ्या मतदारसंघात मी कदाचित हा मार्ग सुचवणार नाही. गोव्यातला विधानसभेचा मतदारसंघ मात्र दारोदार फिरून होण्यासारखा असतो, आणि वर्गणीला गेलं की प्रचारही होतो.

पावती पुस्तकं अर्ज भरण्याआधीच छापून घ्या. हिशेबाला दोन माणसं ठेवा. निकालानंतर 30 दिवसांत सगळा खर्च सादर करावा लागतो आणि एकट्याला ते झेपत नाही.