शंभरच्या वेगातला आराम आणि सहाच्या वेगातला आराम

गेल्या दसऱ्याला गाडी दारात आली. झेंडूचा हार घातला, लिंबावरून चाक नेलं, आणि धुळ्यातल्या एकविरादेवीला जाऊन येईस्तोवर मागच्या सीटवरून आईने अहिराणीत निकाल दिला, "हाई गाडी शे का बैलगाडी शे रे भाऊ?" घरापासून देऊळ चार किलोमीटर. आता अकरा महिने झाले, काट्यावर १७,४०० पडलेत, एक पूर्ण पावसाळा काढून झालाय. तेव्हा लिहायला हरकत नाही.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की दोन्हीकडची भक्तमंडळी बाह्या सरसावून येतात आणि मुद्दा बाजूला राहतो. माझी आहे लॅडर फ्रेमवरची डिझेल, मॅन्युअल, लो रेंजवाली (चाल एकदम हळू करून ओढ वाढवणारा जादा गिअर असलेली). म्हणजे स्कॉर्पिओ-एनची फोर-बाय-फोर, थार रॉक्स, गुरखा, फॉर्च्युनर यांच्या जातकुळीतली. माझ्या साडूची नाशिकला आहे ती मोनोकॉक बॉडीची ऑल व्हील ड्राइव्ह ऑटोमॅटिक, एक्सयूव्ही ७०० किंवा ग्रँड विटाराची जशी एडब्ल्यूडी असते त्या पंगतीतली. जिम्नी मला मनापासून आवडली होती, पण ती चार सीटची आणि मागची सीट उभी असताना डिकी २०८ लिटरची. आम्ही पाच जण, त्यात आईची पिशवी वेगळी. विषय संपला.

दोन्ही प्रकारांत फरक काय, ते थोडक्यात. लॅडर फ्रेममध्ये खाली शिडीसारखी चासी असते आणि वर बॉडी रबरी बुशांवर बसवलेली असते. खड्डा आला की आधी चासी हादरते, मग बॉडी. मागे बहुतेक गाड्यांत अखंड अ‍ॅक्सल असल्यामुळे एका चाकाचा धक्का दुसऱ्यालाही कळतो. मोनोकॉकमध्ये बॉडी हाच सांगाडा, त्यामुळे वजन कमी आणि महामार्गावर चाल एकदम सायीसारखी. धुळे-नाशिकच्या दीडशे-एकशे साठ किलोमीटरला साडूच्या गाडीत मुलं झोपतात. माझ्या गाडीत प्रत्येक पुलाच्या सांध्यावर जागी होतात.

यातलं निम्मं दुखणं मात्र फुकटात गेलं. पहिल्या महिन्यात सप्तशृंग गडावर जाऊन आलो आणि आईने दोन दिवस कमरेला शेक घेतला. मी सस्पेन्शनला शिव्या देत होतो. शेवटी हवावाल्या पोराने मीटर लावला तर चारही टायरांत ४२! गाड्या यार्डात महिनोन्‌महिने उभ्या असतात म्हणून हवा जास्त भरून ठेवतात. डिलिव्हरी देताना ती उतरवायची असते, ती शोरूमने उतरवलीच नव्हती. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आम्हा पाच जणांसाठी ३३ लिहिलंय. ३३ केली आणि गाडीचा स्वभावच बदलला. नवीन गाडी घेतलेल्याने घरी जाण्याआधी हे एक काम करावं, हार नंतर घालावा.

उरलेलं निम्मं दुखणं आहे आणि राहणार. उंचीचंही तसंच. आईला चढता येईना म्हणून फूटस्टेप बसवून घेतली. तोरणमाळच्या पुढे एका दगडाने ती वाकवून ठेवली, कारण फूटस्टेप लावली की जमिनीपासूनची उंची तेवढी कमी होणारच, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आता डिकीत देवघरातला जुना पाट असतो. गाडी थांबली की धाकटा उतरून आजीच्या दाराशी पाट मांडतो. पेट्रोल पंपावर लोक बघतात, बघू देत.

आता जिथे पैसे वसूल झाले त्या दिवसाबद्दल. डिसेंबरात आम्ही दोन्ही कुटुंबं दोन गाड्या घेऊन तोरणमाळला गेलो. शहादा, म्हसावद, राणीपूर, मग सातपायरीचा घाट. इथपर्यंत डांबर, आणि इथपर्यंत साडूचीच गाडी सरस. घाटातल्या वळणांवर माझी गाडी कलते, त्याची कलत नाही. बायको माझ्या गाडीतून उतरून बहिणीशेजारी जाऊन बसली ती यशवंत तलावापर्यंत. दुसऱ्या दिवशी झापीच्या बाजूला उतरणाऱ्या एका कच्च्या वाटेवर गेलो. पावसाने माती वाहून नेलेली, नारळाएवढे मोकळे धोंडे, मध्ये चर.

मी थांबलो, न्यूट्रल केला, फोर-लो टाकला, म्हणजे चारही चाकांना ताकद आणि वर लो रेंज. दिवा दोन-चारदा लुकलुकला, खालून खट्‌ आवाज आला. लो रेंजमध्ये माझ्या गाडीचा गिअर साधारण अडीच पट जड होतो. पहिल्यात टाकून क्लच सोडला आणि दोन्ही पाय पेडलवरून काढले. अ‍ॅक्सिलरेटर नाही, ब्रेक नाही. गाडी इंजिनाच्या दमावर ताशी पाच-सहाच्या चालीने एकेक दगड चढत-उतरत निघाली, रानात हत्ती चालावा तशी. डोलत होती, पण हिसका नाही. आरशात पाहिलं तर आई अडकित्त्याने सुपारी कातरत होती. चालत्या गाडीत, त्या वाटेवर! म्हणाली, "आते बरं वाटस."

मागे साडूची गाडी. तिच्यात लो रेंज नाही. दगड चढायला अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो, चढली की पुढे पडते, म्हणून लगेच ब्रेक. चढ, धप्प, ब्रेक, पुन्हा चढ. त्या प्रत्येक ब्रेकला मागच्यांच्या माना पुढे. शिवाय या गाड्या एरवी पुढच्या चाकांवर चालतात आणि गरज पडली की मधला क्लच आवळून मागच्या चाकांना ताकद देतात. तो क्लच बराच वेळ घसरत राहिला की तापतो. अर्ध्या तासात स्क्रीनवर सूचना आलीच: तापमानामुळे ऑल व्हील ड्राइव्ह तात्पुरतं बंद. मग वीस मिनिटं सावलीत थांबलो आणि डबे उघडले. कळण्याची भाकरी, भरीत आणि ठेचा होता म्हणून कुणी कुरकुर केली नाही. पण उतरून आलेल्या मेहुणीचा चेहरा पांढराफटक, आणि परतीच्या वाटेला तीच माझ्या गाडीत आली.

तोवर मी लो रेंजला ताकदीचं यंत्र समजत होतो, अडकलं की काढायचं. माझ्या घरच्यांसाठी ते आरामाचं यंत्र निघालं. शंभरच्या वेगात आराम सस्पेन्शन देतं, सहाच्या वेगात गिअर देतो. शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्ह देतात ती पहिल्याची, दुसऱ्याची कुणी देत नाही. हिल डिसेंट कंट्रोल साडूच्या गाडीतही आहे, आणि उताराला ते उपयोगी पडतं हे मान्य. पण ते चाकांचे ब्रेक करकरत धरून उतरवतं, इंजिनाचा लगाम वेगळा.

हे झालं दगडाचं. मातीने मात्र माझी पार उतरवली.

आमची शेती शिरपूर तालुक्यात, काळी कसदार जमीन, रस्त्यापासून आत सव्वा किलोमीटर गाडवाट. जुलैत दोन दिवस झडी लागून उघडली होती. मी मोठ्या तोऱ्यात फोर-हाय (चारही चाकांना ताकद, पण गिअर नेहमीचे) टाकून घातली. शंभर-दीडशे फूट गेली. मग स्टिअरिंग डावीकडे, गाडी उजवीकडे, आणि निवांतपणे कपाशीच्या तासात जाऊन बसली. उतरून पाहिलं तर टायरला नक्षीच उरली नव्हती. चारही चाकं गाऱ्याने लिंपून गुळगुळीत झालेली, मडक्यासारखी. पकडच नसेल तर दोन चाकं फिरली काय नि चार फिरली काय. शेजारच्या काकांनी ट्रॅक्टर आणला, दोर बांधला, गाडी काढली आणि जाताना एवढंच म्हणाले, "भाऊ, वाफसा तरी येऊ द्यायचा."

पेरणीला लागू तेच गाडीला लागू, हे शेतकऱ्याच्या पोराला कळायला हवं होतं. आता ऑगस्टपासून ऑल-टेरेन टायर आहेत. फरक आहे, पण जाहिरातीएवढा नाही. या मातीत त्यांच्याही खाचा भरतातच, फक्त जरा उशिरा. आणि ऐंशीच्या पुढे घोंघावतात, ॲव्हरेज लिटरमागे किलोमीटरभर पडलं. महामार्गाला आता साडेबारा मिळतं, घाटात नऊ. टायर बदलायचेच असतील तर दगडासाठी बदला, ऑल-टेरेनचे गाल (टायरच्या बाजू) जाड असतात. काळ्या मातीसाठी दोन दिवसांचं ऊन स्वस्त पडतं.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर दोन्ही प्रकारच्या गाड्यांना एकच नियम: थांबायचं. पाणी गाडीला खालून उचलतं आणि बाजूने ढकलतं, तिथे चारही चाकांची ताकद काही कामाची नाही.

बारीकसारीक गोष्टी. माझ्यासारख्या पार्ट-टाइम सिस्टीममध्ये (हवी तेव्हाच चारही चाकं जोडायची) मधला डिफरन्शियल, म्हणजे वळताना पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतो. कोरड्या डांबरावर फोर-हाय तसाच ठेवून वळवलंत तर गाडी अडते, टायर टुणटुणतात. मी गडाच्या पार्किंगमध्ये हे केलं आणि गिअरबॉक्स गेला समजून घाम फुटला होता. मिस्त्री फोनवर हसला. साडूच्या गाडीत ही भानगडच नाही, ती स्वतःच ठरवते; पावसातल्या ओल्या डांबरावर ती माझ्यापेक्षा जास्त भरवशाची वाटते, हेही लिहायला हवं. डिझेल घेणार असाल तर डीपीएफचं, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं, लक्षात ठेवा. नुसतं गावात शाळा-बाजार केला की काजळी साठून दिवा लागतो. ती जळून जावी म्हणून मी पंधरा दिवसांतून एकदा सोनगीरपर्यंत एका लयीत जाऊन येतो. बायकोचं म्हणणं, हे निमित्त आहे. आहेच.

आणि एक हिशेब, जो मी घेण्याआधी करायला हवा होता. वहीत नोंद ठेवतो. १७,४०० पैकी लो रेंजमध्ये चाललेले किलोमीटर १४० सुद्धा नाहीत, म्हणजे शेकड्यात एकही नाही. तुमचं फिरणं ओंकारेश्वर, शिर्डी, पाटणादेवी असं असेल तर सरळ आरामाची गाडी घ्या. एडब्ल्यूडी नसली तरी चालेल, जमिनीपासून उंची बघा म्हणजे झालं. सातपुड्यात आत शिरायची खोड असेल, घरात म्हातारं माणूस असेल आणि त्यालाही बरोबर न्यायचं असेल, तरच माझ्या वाटेने या. मी परत घेतली तर हीच घेईन, फक्त ऑटोमॅटिक.

दिवाळीत पुन्हा दोन्ही गाड्या काढायच्या ठरल्यात, धडगावच्या पुढे नर्मदेपर्यंत. चांदसैली घाटात दरडी पडतात, म्हणून रस्ता चालू आहे का ते तळोद्याला विचारूनच पुढे जाणार. साडू म्हणतो, या वेळी तुझी मी चालवतो. आईने मात्र अट घातली आहे: तळोद्यापर्यंत ती पाव्हण्याच्या गाडीत बसणार, पुढे माझ्या. पाट कुठल्या गाडीत ठेवायचा यावर अजून एकमत नाही.